सौ., श्रीमती की नुसतं नाव? पहिल्यांदाच पत्रिका, यादी किंवा अर्ज लिहिणाऱ्यांसाठी

लग्नाची पत्रिका, सत्काराची यादी, दशक्रियेचं पत्र, दारावरची पाटी, बँकेतला अर्ज. ज्याचं मराठी बरं, त्याच्याच गळ्यात ही कामं पडतात. पुरुषांची नावं झरझर लिहून होतात: हयात असेल तर 'श्री.', गेलेला असेल तर 'कै.', लहान असेल तर 'चि.'. बायकांच्या नावांशी आलं की हात थांबतो. सौ. लिहावं की श्रीमती? नवरा गेलेल्या मावशींच्या नावापुढे काय? घटस्फोट झालेल्या मैत्रिणीच्या? लग्नानंतर माहेरचंच आडनाव ठेवलेल्या वहिनींच्या?

गंमत अशी की बोलताना हा प्रश्न पडतच नाही. शेजारच्या काकू नवरा गेल्यावरही काकूच राहतात, वहिनी वहिनीच राहतात. आपली हाक नवऱ्याची चौकशी करत बसत नाही, कागद मात्र करतो. म्हणून कागदावर लिहितानाही हाकेच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहावं, असं माझं मत आहे. पुढच्या पायऱ्या त्याच बेताने लिहिल्या आहेत.

आधी खुणा ओळखा

नव्या माणसाला यातल्या अर्ध्या खुणा अनोळखी असतात, म्हणून एकदा उजळणी.

सौ.: सौभाग्यवती. नवरा हयात असलेली विवाहित स्त्री. क्वचित 'अ. सौ.', म्हणजे अखंड सौभाग्यवती.

गं. भा.: गंगाभागीरथी. नवरा वारलेली स्त्री.

श्रीमती: याच्याबद्दल खाली सविस्तर, कारण खरा घोळ इथेच आहे.

कु.: कुमारी. लग्न न झालेली मुलगी. हेच 'कु.' मुलग्यांपुढे 'कुमार' म्हणूनही येतं.

चि. सौ. कां.: चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. लग्नपत्रिकेतली नवरी. लग्न लागलं की ही खूण संपते. लग्नानंतरच्या स्वागत समारंभाच्या पत्रिकेत पुष्कळ जण तीच तशीच छापतात, तिथे 'सौ.' किंवा नुसतं नाव हवं.

कै. सौ.: नवरा हयात असताना वारलेली स्त्री. शाळांच्या, वाचनालयांच्या आणि फिरत्या करंडकांच्या नावांत ही जोड-उपाधी सर्रास दिसते. चुकून दोनदा उपाधी लागल्यासारखं वाटतं, पण चूक नाही. जुन्या समजुतीत अहेव मरणाला मान होता, त्याची ही नोंद आहे.

वीरपत्नी, वीरमाता: कर्तव्यावर असताना जीव गमावलेल्या जवानाची पत्नी, आई. सत्काराच्या कार्यक्रमात हाच उल्लेख करतात आणि तो पुरेसा असतो. त्याच्यापुढे आणखी श्रीमती लावायची गरज नाही.

पेशवाईच्या काळातल्या पत्रांत याहून कितीतरी लांब मायने होते. सवाष्ण बाईला 'वज्रचुडेमंडित', विधवा आईला 'गंगाजलनिर्मल मातुश्री'. मायने कसे लिहायचे हे शिकवणाऱ्या लेखनप्रशस्ती कारकून मंडळी पाठ करत. आपल्या वाट्याला त्या साऱ्याची दोन-तीन अक्षरं आणि टिंब उरलं आहे.

श्रीमतीचा घोळ

मराठी घरांत दोन-तीन पिढ्या असं चालत आलं की सौ. म्हणजे नवरा असलेली आणि श्रीमती म्हणजे नवरा नसलेली. 'गं. भा.' कानाला फार जुनाट वाटू लागलं तेव्हा त्या जागी श्रीमती आली. त्यामुळे आजही साठीच्या पुढच्या एखाद्या बाईला तिचे यजमान शेजारी उभे असताना 'श्रीमती' लिहिलेलं पाकीट दिलं, तर तिचा चेहरा उतरतो. तिला ते अशुभ वाटतं. तिची समजूत जुनी आहे म्हणून ती उडवून लावू नका. पाकीट तिच्या नावाचं आहे.

दुसरीकडे, हिंदी मुलखात श्रीमती म्हणजे सरळ विवाहित बाई. तिकडून आलेला माणूस आपल्या बायकोला 'श्रीमती' म्हणतो तेव्हा त्यात वावगं काही नसतं. तिसरीकडे सरकारी कामकाज. मंत्रालयातल्या आदेशापासून तालुक्याच्या बदली यादीपर्यंत महिला अधिकाऱ्याच्या नावापुढे श्रीमती असते, मग तिचं लग्न झालेलं असो, नसो, नवरा असो, नसो. प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या. त्यांचे पती देवीसिंह शेखावत त्या काळात हयात होते, आणि त्यांचा उल्लेख मात्र 'श्रीमती प्रतिभा देवीसिंह पाटील' असाच होत असे. एका शब्दाचे असे तीन वापर शेजारी शेजारी नांदतात आणि प्रत्येक जण आपलाच खरा मानतो.

मग करायचं काय? कार्यालयीन कागद असेल तर सरसकट श्रीमती. सगळ्यांना एकच उपाधी असली की कुणाला काही टोचत नाही. घरगुती कागद असेल तर श्रीमती विचारल्याशिवाय लावू नका. आणि एकाच घरगुती यादीत काहींना सौ. आणि काहींना श्रीमती हा प्रकार शक्य तितका टाळा. अशा यादीत वाचणारा नकळत दोन रांगा पाडतो, आणि दुसऱ्या रांगेतल्या बाईला ते वाचताक्षणी कळतं.

हिंदीतल्यासारखं 'सुश्री' मराठीतही वापरावं असं काही जण सुचवतात. वापरायला हरकत नाही, पण आपल्याकडे ते रुळलेलं नाही. गावाकडच्या पत्रिकेत ते छापलंत तर चार जण फोन करून विचारतील हे कोण.

गं. भा. चं काय करायचं

थोडक्यात सांगायचं तर वापरू नका, त्या स्वतः सांगत असतील तर वापरा.

एप्रिल २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याबाबत चर्चा करून प्रस्ताव तयार करावा, असं आपल्या विभागाला कळवलं. 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' आला तसा मान मिळावा हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: नवरा गेल्याची पाटी कपाळावरून काढायची आणि नावापुढे लावायची, यात मान कसला? शेवटी, हा निर्णय नाही, नुसती चर्चा आहे, असा खुलासा मंत्र्यांना करावा लागला.

त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ज्या गावाने असा ठराव केला आहे तिथल्या हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर 'सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे' असं छापून आलं, तर ठराव कागदावरच राहिला म्हणायचं. 'सर्व महिलांनी' एवढं लिहिलं की काम होतं.

असं असलं तरी काही आजी स्वतःच्या नावापुढे गं. भा. आवर्जून लावून घेतात. नातवंडांना ते खटकतं, त्यांना त्यात वारलेल्या यजमानांची आठवण आणि स्वतःच्या निभावून नेण्याचा मान वाटतो. अशा वेळी नातवंडांपेक्षा आजींचं ऐकावं.

पहिली पायरी: विचारा, पण नीट विचारा

'तुम्ही सौ. की श्रीमती?' हा प्रश्न ऐकायला निरुपद्रवी आहे. त्याचा अर्थ मात्र 'तुमचा नवरा आहे की गेला?' असा होतो. नुकत्याच एकट्या पडलेल्या बाईला फोनवर हे विचारणारा उत्साही कार्यकर्ता प्रत्येक मंडळात एक तरी असतो.

त्याऐवजी एवढंच म्हणा: 'ताई, पत्रिकेत तुमचं नाव कसं घालू?' किंवा लिहून पाठवा: 'यादीत तुमचं पूर्ण नाव जसं हवं तसं कळवाल का?' बाई स्वतःहून जे सांगेल ते शब्दशः उतरवून घ्या. 'सौ. वंदना पाटील' असं आलं तर सौ., 'वंदना पाटील' आलं तर नुसतं नाव, 'डॉ. वंदना' आलं तर डॉक्टर. तिने न सांगितलेली उपाधी आपल्या मनाने चिकटवायची नाही, आणि सांगितलेली गाळायचीही नाही.

तिच्यापर्यंत पोचता येत नसेल तर घरातल्या दुसऱ्या बाईला विचारा, पुरुषाला शक्यतो नको. दीर आणि मुलगे हमखास जुन्या पत्रिकेतलं नाव सांगतात.

कुणालाच विचारता येत नसेल तर उपाधीशिवाय पूर्ण नाव लिहा. पूर्ण नाव लिहिण्यात कुणाचा अपमान होत नाही. फक्त मग ते सगळ्यांचंच तसं लिहा, पुरुषांचंही. पुरुषांपुढे 'श्री.' आणि बायका नुसत्याच, असं केलंत तर ते वेगळंच दिसेल.

दुसरी पायरी: मधलं नाव आणि आडनाव

आपल्याकडे नावाचे तीन भाग: स्वतःचं, मधलं, आडनाव. लग्नाआधी मध्ये वडील, लग्नानंतर नवरा, अशी रीत. नवरा वारला तरी मधलं नाव तेच राहतं. 'सुमन दत्तात्रय पाटील' या बाईंचे यजमान गेले म्हणून त्या 'सुमन कै. दत्तात्रय पाटील' होत नाहीत. नावाच्या पोटात 'कै.' घालायची ही हौस अलीकडे फलकांवर फार दिसते. नाव तिचं आहे, त्यात दुसऱ्याच्या मृत्यूची नोंद कशाला?

लग्नात स्वतःचं नावही बदलायची चाल अनेक समाजांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. ताटातल्या तांदळात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी या दोघींचं माहेरचं नाव यमुना होतं. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. त्यामुळे जुन्या पिढीतल्या बाईला माहेरी एक नाव आणि सासरी दुसरं असू शकतं. माहेरच्या माणसांच्या पत्रिकेत कोणतं घालायचं हेही तिलाच विचारा.

लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा भारतात नाही. माहेरचं ठेवा, सासरचं घ्या, दोन्ही जोडा. जोडायचं तर रूढ पद्धत आधी माहेरचं, मग सासरचं: गायिका अश्विनी भिडे-देशपांडे, आरती अंकलीकर-टिकेकर. प्रतिभाताईंच्या नावात तर वेगळीच रचना आहे, मध्ये पती आणि आडनाव माहेरचं. अशी नावं 'दुरुस्त' करायच्या भानगडीत पडू नका. माहेरचं आडनाव ठेवलेल्या बाईंना लिहिताना 'सौ. व श्री. शेखावत' असं पाकीट करण्यापेक्षा दोघांची पूर्ण नावं एकाखाली एक लिहावीत.

लग्नपत्रिका

सगळ्यात जास्त रुसवे इथेच होतात, म्हणून थोडं थांबून.

'सौ. व श्री. आनंद कुलकर्णी यांची कन्या' या ओळीत मुलीच्या आईचं नावच नाही. पत्रिका छापणाऱ्याकडचा नमुना असाच असतो, त्यात भर तुम्ही घालायची: 'सौ. मीरा व श्री. आनंद कुलकर्णी'. जागा पुरत नाही असं छापखानावाला म्हणेल. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या खालची वेलबुट्टी कमी केली की पुरते.

वडील हयात नसतील तर: 'श्रीमती सुमन व कै. दत्तात्रय पाटील यांचे चिरंजीव'. आईला श्रीमती नको असेल तर 'सुमन व कै. दत्तात्रय पाटील'. हयात माणसाचं नाव आधी आलेलं बरं दिसतं. मुख्य गोष्ट पुढे आहे. पूर्वी अशा घरात निमंत्रक म्हणून काकांचं किंवा मामांचं नाव जाई आणि आईचं नाव कुठेतरी खाली, नाहीतर नाहीच. ज्या बाईने पोरांना वाढवलं तिच्या घरचं कार्य, निमंत्रण तिच्याच नावाने जायला हवं. घरातले वडीलधारे कुरकुरले तर काकांचं नाव तिच्या खाली घाला, तिच्या जागी नको.

नवरीचं दुसरं लग्न असेल, आधीचा नवरा वारलेला असो की घटस्फोट झालेला असो, 'चि. सौ. कां.' बिनदिक्कत लागतं. पुनर्विवाहानंतर तिला सौ. लिहिण्यातही काही अडचण नाही. मात्र पहिल्या सासरचं नाव पत्रिकेत घालायचं का, हा तिचा प्रश्न आहे. बहुतेक जणी माहेरच्या नावाने पत्रिका काढतात.

खालच्या बाजूला 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या बाळगोपाळांना उपाधीची गरज नाही. तिथे निवांत राहा.

शोकाचे कागद

नवऱ्याच्या निधनाची बातमी किंवा दशक्रियेचं पत्र लिहिताना शोकाकुल मंडळींत पत्नीचं नाव सगळ्यात आधी घाला आणि नातं लिहा: 'सुमन दत्तात्रय पाटील (पत्नी)'. इथे सौ. ही नाही आणि श्रीमतीही नाही. कालपर्यंत सौ. असलेल्या बाईला चौथ्या दिवशी छापील श्रीमती वाचायला लावणं निर्दयपणाचं आहे. काही घरांत अशा पत्रावर बायकांची नावं घालतच नाहीत. तुम्ही लिहीत असाल तर घाला.

सांत्वनाच्या पत्रात मायना जुनाच ठेवा: 'सुमनकाकूंस सादर नमस्कार'. पाकिटावर नुसतं पूर्ण नाव.

वारलेल्या बाईसाठी: नवरा हयात असेल तर 'कै. सौ.', नसेल तर 'कै. श्रीमती' किंवा नुसतं 'कै.'. मला विचाराल तर नुसतं 'कै.' दोन्हीकडे चालतं. पण 'कै.' सुद्धा सगळ्यांना लावायचं नसतं. बौद्ध घरांत 'कालकथित', वारकरी घरांत 'वै.' म्हणजे वैकुंठवासी, लिंगायत घरांत 'लिं.' म्हणजे लिंगैक्य, मुस्लिम घरांत मरहूम. हयात व्यक्तींसाठीही हेच: बौद्ध कुटुंबांच्या पत्रिकांत सौ. च्या जागी 'आयु.' असतं, आयुष्यमतीचं. मुस्लिम बाईंच्या नावापुढे सौ. किंवा गं. भा. लावू नये. ठाऊक नसेल तेव्हा 'दिवंगत' हा शब्द कुठेही चालतो.

मंचावरची यादी

सूत्रसंचालन करणाऱ्यासाठी दोनच गोष्टी. एक, पदवी असेल तर बाकीचं गळतं. 'सौ. डॉ.' की 'डॉ. सौ.' या वादात न पडता 'डॉ.' लिहा. वकील, प्राध्यापक, सरपंच, सगळ्यांना हेच लागू. दोन, माइकवर 'सौ.' हे अक्षर नुसतं 'सौ' असं वाचलं जातं आणि कानाला विचित्र लागतं. 'सरपंच वंदनाताई पाटील यांना मी विनंती करते' हे ऐकायला कितीतरी बरं.

सरकारी आणि बँकेचे कागद

इथे नियम उलटा: भावना बाजूला, अक्षर आणि अक्षर जुळलं पाहिजे. उपाधी हा नावाचा भाग नाही. अर्जात नावाच्या रकान्यात सौ., श्रीमती, काहीही लिहू नका. आधारवर एक, पासबुकावर 'सौ.' सकट दुसरं, असं झालं की संगणक त्यांना दोन बायका समजतो.

वैवाहिक स्थितीचा रकाना वेगळा असतो आणि तिथे सरळ खरं ते लिहायचं: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेतही हेच शब्द आहेत, संजय गांधी निराधार योजनेतही विधवा हाच शब्द चालतो. कार्यकर्ते आता 'एकल महिला' म्हणतात. चांगला शब्द आहे, भाषणात आणि लेखात जरूर वापरा, पण अर्जात जो पर्याय छापलेला आहे तोच निवडा, नाहीतर अर्ज परत येतो.

नाव बदलायचं ठरलं तर हे ध्यानात घ्या. नुसतं आडनाव आणि मधलं नाव बदलायला विवाह नोंदणीचा दाखला बहुतेक ठिकाणी पुरतो. पहिलं नावही बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावं. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाई करू नका, आधी स्पेलिंगपासून सगळं ठरवा. पॅन कार्डावर लग्नानंतरही वडिलांचंच नाव असतं, नवऱ्याचं घालायला जाऊ नका. राज्य मंत्रिमंडळाच्या मार्च २०२४ मधल्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं आहे. विवाहित स्त्रियांसाठी मात्र स्वतःचं, पतीचं आणि आडनाव ही जुनीच पद्धत राहिली, मालमत्तेच्या दस्तात लग्नाआधीचं नाव लावायची मुभा मिळाली.

नवरा वारल्यावर बाईला कोणत्याही कागदावरचं स्वतःचं नाव बदलावं लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कार्यालयाबाहेर बसणारे काही एजंट तसं सांगून पैसे काढतात. लागतो तो मृत्यू दाखला, आणि नातं दाखवायला विवाहाचा दाखला. कुटुंब निवृत्तिवेतन आणि वारस नोंद यांच्यासाठी एवढाच मूळ पाया. माहेरच्या नावाची शाळेची कागदपत्रं आणि सासरच्या नावाची बाकीची, असं असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

वारस नोंदीसाठी जुना सातबारा उघडलात तर आणखी शब्द भेटतील. बिन आणि वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. कोम, जौजे आणि भ्र. (भ्रतार) म्हणजे अमक्याची बायको, बेवा म्हणजे अमक्याची विधवा. पश्चिम महाराष्ट्रात 'सखूबाई कोम रामा', विदर्भाकडे 'जौजे', 'बेवा'. यात एक अडचण आहे: नवरा वारल्यावरही 'कोम' तसंच राहिलेलं पुष्कळ उताऱ्यांत दिसतं. तेव्हा नुसत्या 'कोम'वरून नवरा तेव्हा हयात होता असं ठरवू नका, फेरफार काढून तारीख पाहा.

समोर आल्यावर हाक

फार सांगण्यासारखं नाही. ताई, काकू, मावशी, वहिनी, आजी, वय आणि ओळख पाहून जे तोंडात येईल ते. शाळेत बाई किंवा मॅडम, ऑफिसात मॅडम. बरोबरीच्या बाईला एकदम काकू म्हणणं हा गुन्हा मात्र उपाधीच्या चुकीपेक्षा मोठा मानला जातो. वैधव्याने यातलं काहीच बदलत नाही. उलट नवरा गेल्यानंतर 'वहिनी' म्हणायचं थांबवून अचानक 'मॅडम' सुरू केलंत, तर अंतर पडलं हे तिला पहिल्या वाक्यात कळेल.

चूक छापून गेली तर

हयात नवरा असलेल्या बाईला श्रीमती, किंवा विधवा बाईला सौ. छापलं गेलं, तर सगळ्यांसमोर खुलासा करू नका. त्या बाईला फोन करून 'नाव चुकीचं छापलंय, क्षमा करा' एवढं म्हणा, उपाधीचा शब्दही उच्चारू नका. पत्रिका अजून वाटायच्या असतील तर तिला आणि तिच्या नात्यातल्यांना द्यायच्या प्रती नव्याने छापून घ्या. वॉट्सॲपवर पाठवलेली असेल तर दुरुस्त प्रत 'सुधारित' असा शेरा न लावता गुपचूप पुन्हा पाठवा, आणि जुनी गटातून काढून टाका.